बुडबुड्यांचा चहा आणि अर्धी कविता

बुड् बुड् बुड् बुड्...

प्रिय धाकटीस थोरल्याचे अनेक आशीर्वाद.

मायन्याच्या आधी हा कसला आवाज, म्हणून चष्मा पुसत बसू नकोस. आवाज तुझाच आहे. परसातल्या भोपळ्याच्या वेलाचा पोकळ देठ तोडायचा, त्याची नळी करून दुधाच्या पेल्यात बुडवायची आणि गाल फुगवून फुंकायचं, हा तुझा सकाळचा उद्योग. आई स्वयंपाकघरातून ओरडायची ती मात्र माझ्या नावाने. कारण फेस पेल्याबाहेर आला रे आला की तू नळी माझ्या हातात देऊन मोकळी व्हायचीस आणि साळसूदपणे कविता पाठ करत बसायचीस. इतकी वर्षं हा आवाज कुठे दडून बसला होता कोण जाणे. मागच्या रविवारी तो परत सापडला, आणि तोही भर दुकानात, घरच्या माणसांच्या देखत, माझ्याच तोंडून. (फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर सुरुवातीचं 'हॅलो' तुझं आणि शेवटचं 'ठेवते' तुझं; मधलंही सगळं तुझंच असतं. शिवाय माझा फोन स्वयंपाकघरातच चार्जिंगला लावलेला असतो, आणि तिथे भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडंही आहेत.)

तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना अजून आडवं पाऊल टाकतेस का? भिंतीवरचं घड्याळ ठीक चालतं ना? मागे तू मोठ्या अभिमानाने म्हणाली होतीस की तुझ्या एकटीच्या घरात इतकी शांतता असते, की त्याची टिकटिक पार मागच्या खोलीत ऐकू येते. आणि उशी? नव्याने भरून घेतलीस, की अजून तीच, एका बाजूने डोंगर आणि दुसऱ्या बाजूने दरी? त्या उशीची आठवण झाली की मला हसू येतं. चार दिवसांसाठी कुठे गेलीस तर शालीची घडी डोक्याखाली घेऊन भागवतेस. पण लग्न होऊन निघालीस तेव्हा दागिन्यांचा डबा नवऱ्याकडे आणि उशी तुझ्या काखेत. आई तेव्हा डोळे पुसत म्हणाली होती, 'धाकटीने उशी उचलली, आता काही ती लवकर परतत नाही.'

माझी प्रकृती उत्तम. दात विकतचे असले तरी भूक घरचीच आहे. इमारतीची लिफ्ट तेवढी आजारी आहे. चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करणारे, म्हणून बाहेरचा माणूस बोलवायचा नाही असं शेजाऱ्यांनी ठरवलंय, आणि गावभरच्या लिफ्टांमधून घरच्या लिफ्टकडे बघायला चिरंजिवांना सवड नाही. त्यामुळे आम्ही चौथ्या मजल्यावरचे लोक हल्ली वर आलो की आधी बसतो, मग बोलतो.

आता मुद्द्यावर येतो. (मुद्दा जवळ आला की मला फेरफटका मारावासा वाटतो, हे तुला ठाऊकच आहे.) मागच्या खेपेला तुझा फोन आला तेव्हा मी म्हणालो होतो, 'धाकटे, इथे भिंतीसुद्धा माझ्याशी बोलत नाहीत.' खरं सांगू? वाक्य जिभेवर आलं, मला आवडलं, म्हणून बोललो. पण बोलून गेल्यावर ते खरं वाटायला लागलं. एकेक सुंदर वाक्य असं माणसाला गोत्यात आणतं. तसं त्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही. सूनबाई इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर ती लोकांना 'हलू नका, श्वास धरा, सोडा' एवढंच सांगत असते, आणि घरी येते तेव्हा तिच्याजवळचे शब्द संपलेले असतात. चिरंजीव घरात शिरताना छताकडे बघत शिरतात, धंद्याची सवय. नात, जिला आम्ही पिटुकली म्हणतो, ती माझ्या खोलीच्या दाराशी आली की आपोआप चवड्यांवर चालायला लागते. कधी कधी संध्याकाळी मला वाटायचं, की आपण खिडकीतली कुंडी आहोत; पाणी मिळतं, ऊन मिळतं, पण कुंडीला कोणी 'काय गं, कशी आहेस' विचारत नाही.

तर तू माझ्याकडून हे ऐकलंस, आणि तडक सूनबाईला फोन केलास. काय बोललीस ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. पण ती हातात पळी घेऊन स्वयंपाकघराबाहेर आली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी ती काळ्या फिल्मवर हाड कुठे मोडलंय ते शोधत असावी. मग एवढंच म्हणाली की आत्याबाई तुम्हाला कायमचं न्यायला येणार आहेत, तुमचे गरम कपडे वरच्या फडताळात आहेत, काढून ठेवू का? मी 'हूं' म्हणालो. आता या 'हूं'चा अर्थ 'बघू' असाही होतो आणि 'हो' असाही. मी तो पहिल्या अर्थी म्हणालो आणि तिने दुसऱ्या अर्थी ऐकला असणार, कारण रात्री जेवताना कोणीच बोललं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे बोलायला लागले.

धाकटे, त्या बोलण्याची तुला कल्पना नाही. चिरंजीव कामावर जाण्याआधी खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, 'मग बाबा, काय म्हणताय?' मी विचार करून काही म्हणणार, तोवर त्यांची वेळ झाली. संध्याकाळी परत खुर्ची, परत तेच. पिटुकलीला बहुधा शिकवून पाठवलेलं. ती आली आणि एका दमात म्हणाली, 'आजोबा, तुम्ही लहानपणी काय खेळायचात, मला ऐकायला खूप आवडेल.' मी लगोरीचे नियम सांगायला घेतले तर बिचारी डोळे ताणून जागी राहिली. पेशंटला भेटायला आल्यासारखी आपली माणसं आपल्याच घरात भेटायला यायला लागली की फार वाईट वाटतं गं. ते गप्प होते तेच बरं होतं, असं मनात आलं. पण हे कोणाला सांगायचं? तुला फोन करावा, तर तू आणखी एक फोन केला असतास.

आणि मग रविवारी सूनबाईने जाहीर केलं, की सगळ्यांनी मिळून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जायचं. चहा म्हटल्यावर मी खुशीने कोट चढवला. दुकान म्हणजे पूर्वी जिथे छत्र्या दुरुस्त व्हायच्या ती जागा. (छत्रीवाला गेला, आणि लोक आता मोडकी छत्री घरात ठेवून भिजत जातात.) आत गुलाबी भिंती, मुळ्यासारख्या बारीक पायांच्या उंच स्टुलांवर उंच उंच मुलं, आणि वासावरून चहाचा पत्ता नाही. या चहाला बबल टी म्हणतात. थंडगार असतो, दुधाचा असतो, आणि तळाला बोराच्या बियांएवढे काळे गोळे बेडकाच्या पिल्लांसारखे बसलेले असतात. पिटुकलीने सांगितलं की ते चावून खायचे असतात. चहा चावायचा, हे मला आधी गमतीचं वाटलं, मग विकतच्या दातांची आठवण झाली.

गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, 'आजोबा, किती टक्के?' आता तुला माहीत आहे, माझी उभी हयात डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधातली स्निग्धता मोजण्यात गेली. टक्के म्हटल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, 'गाईचं असेल तर साडेतीन, म्हशीचं असेल तर सहा.' ती यंत्राकडे बघत राहिली. तिच्याकडे गोडी पंचवीस, पन्नास अशा हिशेबात मिळत होती. शून्य लिहू का, म्हणाली. मी तिला समजावलं की शून्य टक्क्यांचा कॅन मी गवळ्याला तसाच परत पाठवत असे. मग तिने बर्फ किती टक्के विचारलं, आणि मी म्हणालो, 'बाई, दुधात बर्फ ही भेसळ आहे.' मागे रांग लागली होती. शेवटी सूनबाईने पुढे होऊन काहीतरी सांगितलं आणि मला कोपरापाशी धरून टेबलाशी आणून बसवलं. रागावली नव्हती, पण तिचे कान लाल झाले होते.

पेला आला तो वरून पातळ पडदा चिकटवलेला, ढोलकीसारखा ताणून. सोबत नळी, बोटाएवढी जाड, एका टोकाला तिरकी कापलेली. ती पडद्यात खुपसायची. मी हळुवारपणे टोक टेकवलं, पडदा खोलगट झाला, फाटला नाही. पिटुकली म्हणाली, 'आजोबा, दया नाही दाखवायची.' आणि माझा हात धरून तिने असा दणका दिला, की फट् झालं आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी प्रेमातून डोकी वर काढली.

इथवर ठीक होतं. खरी पंचाईत पुढे झाली, आणि ती माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाची होणं शक्य नाही. मी नळी तोंडात धरली. चहा ओढला. काळे गोळे एकामागून एक वर चढू लागले, मुंग्यांसारखे शिस्तीत. पहिला गोळा ओठांपाशी आला, आणि मी थांबलो. जीभ आपोआप नळीच्या तोंडाशी गेली आणि दार बंद. चहा खाली गेला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झालं तेव्हा मला उमगलं, की हे मी करत नसून माझी नोकरी करते आहे. आमच्या वेळी दूध मोजायला काचेची नळी असे, ती तोंडाने ओढायची; दूध खुणेपाशी आलं की जीभ, मग चट्कन बोट. एक थेंब तोंडात गेला तरी आमचे वरिष्ठ म्हणत, 'ओढतो तो परीक्षक, पितो तो बोका.' सबंध हयात मी बोका होण्याचं टाळलं, आणि आता म्हातारपणी बोका व्हायला निघालो तर जमेना.

समोर तिघं माझ्याकडे बघत बसलेले. त्यांना दिसत होतं एवढंच, की म्हातारा घोट तोंडाशी नेतो आणि परत सोडतो. सूनबाई उठली आणि दुसरा पेला घेऊन आली, आंब्याच्या रंगाचा. त्याचंही तेच. मग तिसरा, हिरवा. आता टेबलावर पेल्यांची प्रयोगशाळाच झाली, आणि त्या दृश्याने माझ्या हातांना चेव आला. नकळत मी नळीच्या वरच्या टोकावर बोट दाबलं, नळी पेल्याबाहेर काढली, उजेडासमोर डोळ्यांच्या रेषेत धरली आणि म्हणालो, 'वर थोडी हवा राहिली आहे.' चिरंजीव म्हणाले, 'बाबा, लोक बघताहेत.' मी दचकून त्यांच्याकडे वळलो, बोट सुटलं, आणि तीन काळे गोळे टप टप टप करत सूनबाईच्या पांढऱ्या बाहीवर.

तिने बाही पुसली नाही. पेल्यांकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली:

'बाबा, हे नसेल आवडत तर नका घेऊ. पण आमच्याकडे राहायलाच आवडत नसेल, तर ते आत्याबाईंना नाही, मला सांगा. तोंडावर.'

आता बघ, अशा वेळी सरळ माणूस सरळ बोलतो. तू बोलली असतीस. मला सरळ बोलायचं म्हटलं की कविता आठवते. मला राहायचं होतं, धाकटे. हे मला त्या क्षणी, त्या बाहीवरचे डाग बघताना लख्ख कळलं. आणि त्याला नेमकी साजेल अशी कविता मनात उभी राहिली. आपल्या मास्तरांनी स्वतः रचून फळ्यावर लिहून दिलेली, कुठल्याच पुस्तकात नसलेली, झऱ्याची. मी सावरून बसलो, आणि खणखणीत आवाजात म्हणालो:

'जा जा म्हणती काठ झऱ्याला, सागर बघ तो मोठा...'

आणि दुसरी ओळ आठवेना! सगळा अर्थ दुसऱ्या ओळीत, आणि ती गायब. आपल्या एका खोलीच्या शाळेत अशा वेळी तू मागच्या बाकावरून कुजबुजायचीस. इथे मागे फक्त गुलाबी भिंत. आणि नुसती पहिली ओळ ऐकून त्यांना काय वाटलं असेल ते तूच सांग. चिरंजीव छताकडे बघू लागले. सूनबाई हळूच म्हणाली की कळलं, आत्याबाईंचं घर मोठंच आहे. आणि पर्स उचलून उठायला लागली.

मी 'नाही नाही' म्हणायला हवं होतं. पण माझ्या तोंडात घाबरून धरलेली नळी होती. ओढता तर येत नव्हतंच. मग नळीचं दुसरं काय करता येतं? मी डोळे मिटले आणि सगळी हवा आत सोडली.

बुड् बुड् बुड् बुड्.

फेस पेल्याच्या भोकातून वर आला, टेबलावर ओघळला. आणि त्या आवाजासरशी सकाळचं आपलं स्वयंपाकघर आलं, आईचा ओरडा आला, आणि पेल्यामागून तुझा तो साळसूद आवाज आला, दुसरी ओळ घोकणारा. मी उभाच राहिलो:

'झरा म्हणे, मी इथेच बरवा, मजला कसला तोटा!'

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने टाळी वाजवली, बहुधा त्याला वाटलं की दुकानाचीच काही योजना आहे. सूनबाई अर्धी उठलेली तशीच राहिली. मग खाली बसली. तिने विचारलं, की मग इतके दिवस गप्प का होतात? मी म्हणालो, तुम्ही गप्प होतात म्हणून. त्यावर ती म्हणाली, 'तुम्ही खिडकीशी ओठ हलवत बसायचात. मला वाटायचं, मनात कविता चाललीय. मीच सगळ्यांना बजावून ठेवलंय, बाबांची तंद्री मोडायची नाही.'

म्हणजे बघ. मी ज्याला अबोला म्हणत होतो, तो मान होता. पिटुकली चवड्यांवर चालायची ती माझ्या काव्यासाठी. (ओठ हलायचे हे खरं. पण निम्मा वेळ ती कवळी बसवण्याची खटपट असते. हे मी तिला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.) मी तिला माझ्या काचेच्या नळीची हकीकत सांगितली, बोक्यासकट, आणि ती जी हसायला लागली, ती डागाची बाही डोळ्यांना लावून हसत राहिली. मग डोळे पुसून तिने आपला इस्पितळातला आवाज काढला: 'बाबा, ओढा. थांबू नका. ओढा. आता गिळा.' आणि काय सांगू, एका नोकरीची सवय दुसरीच्या हुकमाने मोडली. पहिला गोळा तोंडात आला. लगेच कवळीच्या फटीत जाऊन बसला आणि घरी येईपर्यंत तिथेच होता, तो भाग वेगळा. चव? गुळगुळीत, गोड, जरा चिवट, नातवंडासारखी.

परतताना चार जिने चढता चढता सगळ्यांनी मिळून ती कविता म्हटली. म्हणजे त्या दोन ओळी. चिरंजीव तर दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हाही म्हणत होते. आता दुकानातली मुलगी मला 'साडेतीन टक्के' म्हणून ओळखते आणि गोळ्यांसाठी चमचा देते. घरात आता माझी तंद्री कोणी राखत नाही. काल पिटुकलीने माझ्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारल्या. असो. तुझी तब्येत सांभाळ, गुडघ्यांना शेक दे, आणि घड्याळाला माझा नमस्कार सांग.

तुझा,
दादा (बोका)

ता. क. भिंतींबद्दल फोनवर जे म्हणालो ते नजरचुकीने म्हणालो असं समजावं. मला न्यायला येऊ नकोस. तिकीट काढलं असल्यास परत कर. माझे गरम कपडे फडताळातच आहेत, आणि ते तिथेच बरे आहेत. हेच सांगायला एवढं लांबलचक लिहिलं. वर मुद्दा आला नसेल तर हा घे.

ता. क. दुसरा. खरी विनंती राहिलीच. कवितेच्या पुढच्या ओळी उलट टपाली पाठव. पिटुकली रोज विचारते, की झऱ्याचं पुढे काय झालं, आणि मला दोनच ओळी येतात. फुंकर मारून बघितली, पुढचं येत नाही. तुझ्याखेरीज ते आता जगात कोणाला येत नाही, हे लिहिताना मात्र हात जरा थांबला.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायला घेतलं, तोच खाली टॅक्सी थांबली. खिडकीतून बघतो तर एक बाई चालकाशी हुज्जत घालतेय. हुज्जत मी ओळखतो. धाकटे, तू कळवायचंस तरी! आता जिन्यात आहेस. पहिल्या मजल्यावर थांबलीस, लिफ्टवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलास, तो माझ्याच खानदानाचा आहे हे विसरून. ट्रंक चालकाच्या डोक्यावर आहे. घड्याळ फडक्यात गुंडाळून त्याच्या बगलेत आहे. आणि उशी तू त्याला दिली नाहीस, ती तुझ्या काखेत आहे, हे मी वरून नीट पाहिलं.

न्यायला आलेलं माणूस आपली उशी घेऊन येतं का गं?

सूनबाईला हाक मारून सांगितलं. ती ओट्यापासून खिडकीशी आली, वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता वरच्या फडताळातून जास्तीची गादी काढायला गेली. पिटुकली झऱ्याचं विचारायला दाराशी जाऊन उभीच आहे. तिसरा मजला. चौथा. घंटा.

आलो गं, आलो. दे ती उशी इकडे.